युरोपचं संशोधन ‘संस्थावाल्यांनी’ बुडवलं का?

गेले काही आठवडे विज्ञानाची आवड असणाऱ्या मराठी गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: युरोपात कोणतं संशोधन करायचं हे शास्त्रज्ञ ठरवत नाहीत, एनजीओ ठरवतात. विषयातलं न कळणारे लोक समित्यांवर बसतात. जीएम म्हणजे जनुक बदललेली पिकं असोत की मूलपेशी (स्टेम सेल), ही मंडळी प्रत्येक गोष्टीला विरोध करतात. २०१४ साली त्यांनी युरोपीय आयोगाच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेच्या, मुख्य वैज्ञानिक सल्लागारांना घरी पाठवलं. आणि म्हणून युरोप अमेरिका-चीनच्या मागे पडला.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे मित्र आहेत, विज्ञानावर मनापासून प्रेम करणारे. माझंही आहे. म्हणूनच हे उत्तर सविस्तर लिहावंसं वाटलं.

‘एनजीओ ठरवतात.’ आधी हेच बघू, कारण बाकीचा डोलारा यावर उभा आहे. युरोपीय संघाचा संशोधनाचा मोठा कार्यक्रम साधारण सात वर्षांचा असतो. सध्याचा ‘होरायझन युरोप’ २०२१ ते २०२७ साठी आहे आणि त्याची सुरुवातीला ठरलेली रक्कम ९५.५ अब्ज युरो. मसुदा आयोग तयार करतो, सदस्य देशांची सरकारं आणि युरोपीय संसद तो मंजूर करतात. आलेल्या प्रस्तावांना गुण देतात ते बाहेरचे तज्ज्ञ. यातले सुमारे १६ अब्ज युरो युरोपियन रिसर्च कौन्सिलकडे जातात. तिथे तर विषयसुद्धा वरून ठरत नाही. शास्त्रज्ञ स्वतःला सुचलेला विषय मांडतो आणि शास्त्रज्ञच त्याची निवड करतात.

मग नागरी संघटनांचा वाटा किती? याआधीच्या ‘होरायझन २०२०’ मध्ये ‘समाजासह आणि समाजासाठी विज्ञान’ नावाचा वेगळा विभाग होता. त्याला मिळाले ४६.२ कोटी युरो. पूर्ण कार्यक्रम सुमारे ७७ अब्जांचा. म्हणजे शंभर युरोंतले साठ सेंट, आणि तेही विज्ञानशिक्षण, संशोधनातली नीतिमत्ता, स्त्री-पुरुष समानता अशा अनेक कामांत वाटलेले.

लोकांना विचारण्याचे प्रयोग झाले, ते प्रत्यक्षात कसे होते तेही पाहा. २०१३ मध्ये ‘व्हॉइसेस’ प्रकल्पात २७ देशांतल्या हजार नागरिकांशी शहरातल्या कचऱ्याबद्दल बोलणं झालं: घरात कचरा कसा साठतो, वेगळा का केला जात नाही, अडचण कुठे येते. त्यातून निघालेले मुद्दे कचऱ्यावरच्या संशोधनाचे विषय ठरवताना वापरले गेले. पुढे ‘सिम्युलॅक्ट’ प्रकल्पात ३० देशांतल्या हजारावर नागरिकांनी आपल्याला कसं भविष्य हवं आहे ते मांडलं, मग तज्ज्ञांनी त्यांच्यासोबत बसून संशोधनाचे २३ विषय तयार केले. सुचवण्यापुरताच त्यांचा अधिकार होता. निर्णय आयोगाचाच राहिला.

इथे मूळ मजकुरात एक मोठी गाळलेली जागा आहे. पंगतीत आधीपासून फक्त शास्त्रज्ञच बसले होते, असं तो गृहीत धरतो. तसं कधीच नव्हतं. २००३ मध्ये युरोपातल्या सुरक्षा-संशोधनाची दिशा सुचवण्यासाठी आयोगाने एक मान्यवरांचा गट नेमला. त्यात ईएडीएस, बीएई सिस्टिम्स, थालेस, फिनमेकानिका या शस्त्रास्त्र आणि विमान बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं होती. पुढच्या सात वर्षांच्या कार्यक्रमात सुरक्षा-संशोधनाला १.४ अब्ज युरो मिळाले, आणि त्यातला बराच पैसा याच उद्योगाकडे गेला. ही साखळी कागदपत्रांसह जोडून दाखवली ‘स्टेटवॉच’ या नागरी संघटनेने. औषधांचंही तसंच. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इनोव्हेटिव्ह मेडिसिन्स इनिशिएटिव्ह’मध्ये एक अब्ज युरो करदात्यांचे होते, तेवढ्याच मोलाचं योगदान औषध कंपन्यांचं, आणि कशावर काम करायचं हे ठरवण्यात कंपन्यांच्या संघटनेचा मोठा हात. उद्योगांना बाहेर ठेवा असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याशिवाय प्रयोगशाळेतलं औषध रुग्णापर्यंत पोचत नाही. पण कंपनीचा प्रतिनिधी बसला तर ते ‘धोरण’ आणि रुग्णाचा बसला तर ती ‘ढवळाढवळ’, हा न्याय मला मान्य नाही.

याच सुरक्षा-संशोधनातून पुढे ‘आयबॉर्डरकंट्रोल’ नावाचा प्रकल्प निघाला. ४५ लाख युरोंचा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला पडद्यावरचं एक चित्र प्रश्न विचारणार आणि संगणक चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींवरून तो खोटं बोलतोय का ते सांगणार. असं यंत्र उद्या मुंबईहून मुलीकडे फ्रँकफर्टला निघालेल्या आजी-आजोबांनाही लागू होऊ शकलं असतं, हे आपण लक्षात घ्यायला हवं. चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं याला भक्कम शास्त्रीय आधार नाही, आणि ही शंका अनेक शास्त्रज्ञांनीही बोलून दाखवली. प्रकल्पाची नैतिक आणि कायदेशीर तपासणी काय झाली याची कागदपत्रं मागितली तेव्हा ती दडवली गेली. जर्मनीचे पॅट्रिक ब्रायर यांनी, जे पुढे युरोपीय संसदेचे सदस्य झाले, त्यासाठी न्यायालय गाठलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना काही अंशी यश मिळालं. इथे विज्ञानाची बाजू कोण घेत होतं?

‘सामान्यांना त्यातलं कळत नाही.’ या वाक्याची किंमत युरोपने एकदा मोजली आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये गायींना ‘मॅड काऊ’ आजार झाला. १९८९ साली सरकारनेच नेमलेल्या साउथवुड समितीने सांगितलं की माणसाला धोका असण्याची शक्यता फार कमी आहे. पण हेही लिहिलं की आपला अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. सरकारने पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं बाजूला ठेवलं. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बीफ बर्गर भरवायचा प्रयत्न केला. २० मार्च १९९६ रोजी त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत मान्य करावं लागलं की हा आजार बहुधा माणसात आला आहे. ब्रिटनमध्ये १७८ माणसं त्याने गेली, बरीचशी तरुण. गायींना गुरांच्याच हाडामांसाची भुकटी खाऊ घातली जात होती. चरणाऱ्या जनावराला मांस का घालता, हा प्रश्न विचारायला पीएचडी लागत नाही. विचारणाऱ्याला आत घेणारी जागा मात्र लागते.

डिसेंबर २००१ मध्ये आयोगाने ‘विज्ञान आणि समाज’ कृती आराखडा काढला, तो या वातावरणात. आंदोलकांनी दार तोडून आत शिरावं असं काही घडलं नव्हतं. बंद दाराआड घेतलेल्या निर्णयांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, म्हणून दार आतून उघडलं गेलं.

आणि ‘न कळणाऱ्यांनी’ नेमकं काय केलं, याची माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट फ्रान्सची आहे. स्नायू झिजवणाऱ्या आजारांच्या रुग्णांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी १९५८ साली एक संघटना काढली, एएफएम. त्या काळी डॉक्टरांना या मुलांमध्ये फारसा रस नव्हता, कारण करण्यासारखं काही नव्हतं. १९८७ पासून या संघटनेने टीव्हीवर ‘टेलेथॉन’ सुरू केला आणि लोकांच्या देणग्यांतून एवढा पैसा उभा राहिला की १९९० मध्ये पॅरिसजवळ एव्रीला ‘जेनेथॉन’ ही प्रयोगशाळा उभी राहिली. १९९२ मध्ये तिथून मानवी जनुकांचा एक महत्त्वाचा नकाशा प्रसिद्ध झाला, ज्याँ वायसेनबाख यांच्या गटाचा. जगभरच्या शास्त्रज्ञांना तो खुला होता. हे पालकांच्या वर्गणीवर झालं, आणि संशोधनाला कोणती दिशा द्यायची हे ठरवणाऱ्या संघटनेच्या मंडळावर रुग्ण आणि पालकच होते.

१९९५ मध्ये पॅरिसमध्येच ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या स्नायू झिजवणाऱ्या आजाराचं जनुक शोधलं. महाराष्ट्रात एसएमए झालेल्या बाळांसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी गोळा होताना आपण पाहिली आहे. कित्येकांनी शंभर-दोनशे रुपये दिलेही असतील. त्या इंजेक्शनमागच्या कंपनीने जेनेथॉनच्या पेटंटचा परवाना घेतलेला आहे. फ्रान्समधल्या आईबापांनी लावलेलं रोप इथवर आलं. लोकांच्या देणगीतून सुरू झालेल्या कामाचं शेवटी सोळा कोटींचं बिल का होतं, हा प्रश्नही मनात येतोच. तो युरोपातही सगळ्यात चिकाटीने विचारतात त्या रुग्णांच्या आणि आरोग्याच्या क्षेत्रातल्या संघटनाच.

दुर्मिळ आजारांच्या संघटनांनी १९९७ मध्ये ‘युरोर्डिस’ हा महासंघ बांधला. २००० साली दुर्मिळ आजारांच्या औषधांचा युरोपीय कायदा आला आणि त्याखालच्या तज्ज्ञ समितीत रुग्णांच्या तीन प्रतिनिधींना पूर्ण मताधिकार मिळाला. गेल्या दोन दशकांत अशा दोनशेहून अधिक औषधांना मान्यता मिळाली.

‘सगळ्याला विरोध.’ दोन मोठ्या याचिका बघा. दहा लाख सह्या जमल्या की आयोगाला उत्तर द्यावं लागतं, असा युरोपीय संघात नियम आहे. ‘वन ऑफ अस’ने सतरा लाखांहून जास्त सह्या जमवल्या आणि मानवी भ्रूण नष्ट होणाऱ्या संशोधनाचा निधी थांबवायला सांगितलं. आयोगाने २०१४ मध्ये नकार दिला आणि न्यायालयानेही पुढे तो उचलून धरला. ‘स्टॉप व्हिविसेक्शन’ने अकरा लाखांहून जास्त सह्यांसह प्राण्यांवरचे प्रयोग बंद करायला सांगितलं. २०१५ मध्ये त्यालाही नकार मिळाला. ऐकून घेणं आणि मान तुकवणं यात फरक आहे, तो इथे स्पष्ट दिसतो.

कधीकधी लोक ‘नको’ म्हणतात हेही खरं. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञान मंडळाने साध्या नागरिकांची पहिली परिषद भरवली, जनुक-तंत्रज्ञानावर. त्यांच्या अहवालानंतर संसदेने प्राण्यांवरच्या जनुकबदलाला राष्ट्रीय कार्यक्रमातून पैसे दिले नाहीत. पण त्याच वर्षी त्याच देशात नोवो कंपनी जनुक बदललेल्या यीस्टपासून मानवी इन्सुलिन बनवायला लागली होती. एका गोष्टीला नकार देणारा समाज दुसरीला मनापासून परवानगी देतो.

ब्रिटनमध्ये तर समाजाच्या सहभागामुळेच वाट मोकळी झाली. टेस्ट ट्यूब बेबीनंतर १९८२ मध्ये नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष मेरी वॉरनॉक या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक होत्या. भ्रूणावर फक्त चौदा दिवसांपर्यंत संशोधन, ही मर्यादा त्यांच्या समितीने घातली. १९९० च्या कायद्याने जी नियामक संस्था उभी केली तिचा अध्यक्ष डॉक्टर किंवा या विषयातला संशोधक असूच शकत नाही. या चौकटीत भ्रूणातून मिळणाऱ्या मूलपेशींवरचं तिथलं संशोधन बहरलं. जिथे अशी चर्चा झाली नाही तिथे हेच संशोधन वर्षानुवर्षं वादात अडकलं.

मुख्य सल्लागारांबद्दल मात्र मला प्रामाणिकपणे अर्धं मान्य करायचं आहे. ॲन ग्लोव्हर या आण्विक जीवशास्त्रज्ञ २०१२ पासून त्या पदावर होत्या. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीससह नऊ संघटनांनी पद रद्द करा असं पत्र लिहिलं. एकाच व्यक्तीच्या हाती सल्ला एकवटतो आणि तो लोकांसमोर येत नाही, हा त्यांचा मुद्दा. पण जीएम पिकांच्या बाजूने ग्लोव्हर जे बोलत होत्या, त्याचा राग त्या पत्रात जाणवतो. ते पत्र चुकीचं होतं असं माझं मत आहे. ‘घरी पाठवलं’ हे मात्र खरं नाही. पद आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांच्या कार्यालयाशी जोडलेलं होतं आणि त्यांच्या मुदतीसोबत संपलं. पुढच्याच वर्षी सात शास्त्रज्ञांचा सल्लागार गट नेमला गेला. शिवाय ग्लोव्हर यांच्या बाजूने जे पत्र गेलं, ते जमवण्यात ‘सेन्स अबाउट सायन्स’ ही धर्मादाय संस्था पुढे होती. तीही नागरी समाजच.

राहिला मागे पडण्याचा मुद्दा. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्राघी यांचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल कारणं सांगतो: २०२१ मध्ये युरोपीय कंपन्यांनी संशोधन आणि नवनिर्मितीवर अमेरिकी कंपन्यांपेक्षा सुमारे २७० अब्ज युरो कमी खर्च केले, नवख्या कंपन्यांसाठीचं जोखमीचं भांडवल कमी, देशादेशांत विखुरलेला पैसा. जाचक नियमांवरही ते टीका करतात. पण कंपन्यांवरचे नियम आणि संशोधनाचे विषय ठरवताना लोकांना विचारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘होरायझन युरोप’मध्ये तो साठ सेंटांचा वेगळा विभागही उरलेला नाही. २०२८ ते २०३४ साठी आयोगाने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला आहे. मजकूर पुढे पाठवणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती: ७७ अब्जांतले ४६.२ कोटी, हा आकडा सोबत जोडा.