'रीस्टार्ट होत नाही? मदरबोर्ड गेला!' : त्या मेसेजला एका रिपेरिंगवाल्याचं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. पहिला आमच्या मेव्हण्याने. शेवटचा एका गिऱ्हाइकाने, तोही कॉम्प्युटरचं कॅबिनेट काउंटरवर ठेवता ठेवता. म्हणाला, "यात लिहिलंय तसं सगळं केलं, आता तुम्ही बघा." मेसेजखाली 'सीनियर हार्डवेअर इंजिनियरचा सल्ला, सर्वांना पाठवा' अशी सही आहे. इंजिनियरचं नाव नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुना डेस्कटॉप रीस्टार्ट मारल्यावर परत चालू होत नसेल तर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला समजा, कारण रीस्टार्ट काय आणि बंद करून चालू करणं काय, एकच. तरी आधी रॅम काढून खोडरबराने घासा, ९० टक्के मशीनं त्यानेच सुरू होतात. मग बोर्डवरचा सेल काढून परत घाला. नाहीच झालं तर विंडोज फॉर्मॅट करा. पॉवरचं बटण दाबून धरू नका, एसएमपीएस (मशीनला करंट पुरवणारा डबा) जळतो. आणि शेवटी, विंडोज १० बंद झाल्यापासून कंपनीच जुनी मशीनं चालू होऊ देत नाही, तेव्हा १० वर्षांवरचं मशीन भंगारात द्या.

निव्वळ थाप असती तर मी लिहायला बसलो नसतो. यातल्या दोनतीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि माझ्या टेबलावर येणारी निम्मी दुखणी त्या अर्ध्या खऱ्यातूनच येतात.

'रीस्टार्ट आणि बंद करून चालू करणं एकच'

इथेच गाडी रुळावरून घसरते. शटडाउन केलं की एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी बंद करतो. मागे उरते ती फक्त ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, तुम्ही बटण दाबलंत हे कळण्यापुरती. पंखा थांबतो. रीस्टार्टमध्ये पंखा थांबत नाही. कान देऊन ऐका. करंट चालूच असतो, प्रोसेसरला फक्त 'पहिल्यापासून सुरू कर' असा इशारा जातो. म्हणजे यूएसबीला लावलेला प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल सगळं ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत राहतं.

हा इशारा द्यायचा कसा, याचाही एक इतिहास आहे. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमधला ८०२८६ प्रोसेसर एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये (जास्त मेमरी वापरता येणाऱ्या अवस्थेत) गेला की रीसेट केल्याशिवाय बाहेर यायचा नाही. तेव्हा कीबोर्ड सांभाळणाऱ्या ८०४२ चिपची एक मोकळी पिन रीसेटच्या लाइनीला जोडून काम भागवलं गेलं. पुढे कित्येक वर्षं पीसी रीस्टार्ट व्हायचा तो कीबोर्डच्या चिपमार्फत! नंतर आणखी पद्धती आल्या, आणि कुठल्या बोर्डाला कुठली मानवते हे ठरेना. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, अशा मशीनांची यादीच आहे. नेहमीच्या पद्धतीने रीस्टार्ट होत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पद्धत नेमून दिलेली. डेलची ऑप्टिप्लेक्स ७४५ आणि ९९० त्या यादीत आहेत. त्यांचे मदरबोर्ड गेले होते म्हणून नव्हे.

विंडोजवर अजून एक गंमत. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं. त्यामुळे एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर मशीन रोज सकाळी व्यवस्थित चालू होतं आणि रीस्टार्ट केलं की गोल फिरणाऱ्या ठिपक्यांवर अडकून बसतं.

आणि साधा हिशोब करा. मदरबोर्ड खरोखर मेला असेल तर तो बंद करून चालू केल्यावरही उठणार नाही. बंद करून चालू होतो पण रीस्टार्ट होत नाही, म्हणजे बोर्ड बहुतेक जिवंत आहे.

आमच्या इथल्या वाचनालयातली गोष्ट सांगतो. कॉम्प्युटर पंधराएक वर्षांचा. सकाळी चालू केला की चालू. दुपारी अपडेटनंतर रीस्टार्ट मागितला की काळी स्क्रीन, डाव्या कोपऱ्यात वर लुकलुकणारी एक रेघ, बस. दोघांनी मदरबोर्डचं निदान केलं होतं, एकाने कोटेशनही दिलं होतं. मी स्टूल ओढून बसलो आणि ग्रंथपालांना म्हटलं, तुम्ही रोज करता तसं सगळं करा. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, उदबत्ती लावली, मग प्रिंटरचं बटण दाबलं. अर्ध्या तासाने रीस्टार्ट मारला. लुकलुकणारी रेघ.

प्रिंटर जुना, सगळं एकात असलेला, पुढे मेमरी कार्डाची खाच. खाचेत कुणीतरी कधीतरी ठेवलेलं कॅमेऱ्याचं कार्ड. सकाळी कॉम्प्युटर सुरू होताना प्रिंटर बंद असायचा, म्हणून बायोसला (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) ते कार्ड दिसायचं नाही. रीस्टार्टच्या वेळी प्रिंटर चालू, कार्ड हजर. बायोस बिचारा त्या कार्डातून विंडोज शोधत बसायचा. बूटच्या क्रमात, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं त्या यादीत, यूएसबी पहिली होती. ती पहिली कशी झाली, ते सेलच्या मुद्द्यात येईलच.

तेव्हा रीस्टार्ट अडला की पहिलं काम, कीबोर्ड सोडून मागचं सगळं उपटा आणि परत बघा. फुकट आहे, एक मिनिट लागतं. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही.

'रॅम खोडरबराने घासा'

हे मी स्वतः केलंय, शेकडो वेळा. कोकणातल्या पावसाळ्यात रॅमच्या पट्टीवर दमट हवेचा थर बसतो, पट्टी काढून परत नीट दाबली की डिस्प्ले येतो. तेव्हा खोटं नाही. पण ९० टक्के हा आकडा कुणी मोजला? आणि बऱ्याच वेळा गुण खोडरबराचा नसून काढून घालण्याचा असतो. खाचेतल्या पिना पट्टीवर घासल्या जातात, तेवढ्याने काम होतं. त्या सोनेरी पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, खाली निकेल आणि तांबं. दर पावसाळ्यात खसाखसा घासलात की मुलामा जातो, मग दुखणं कायमचं. वर खोडरबराचा भुगा खाचेत पडतो तो वेगळाच. सुती कपड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. आधी प्लग काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घासायची वेळ आहे का ते ठरवा. कंपनीचा लोगो किंवा पांढरी अक्षरं स्क्रीनवर येत असतील तर बायोसला रॅम सापडलेली आहे. तिला छळू नका. स्क्रीन पूर्ण काळी आणि आतून बीप येत असतील तर बीप मोजा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार. त्याला रॅम घासून काय होणार?

'सेल काढून घाला, सगळं ठीक होईल'

सेल म्हणजे सीआर२०३२. नावातच माप आहे : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. प्लग काढलेला असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसची सेटिंग्ज जपणं हे त्याचं काम. तो उतरला की तारीख मागे जाते, चालू करताना 'एफ१ दाबा' असा निरोप येतो, आणि तारीख चुकली की ब्राउझर बँकेची साइट उघडायला नकार देतो. बायोसमध्ये कुणी भलतंसलतं केलं असेल तर सेल काढल्याने गाडी रुळावर येते, हेही खरं.

पण सेल काढला की बरोबर केलेली सेटिंग्जही जातात, हे मेसेज सांगत नाही. वाचनालयात हेच झालं होतं. कुणीतरी मेसेज वाचून सेल बदलला. सेल खरंच उतरलेला होता, बदलला ते योग्यच. पण बूटचा क्रम कारखान्यातून आला तसा झाला, यूएसबी पहिली. दुसऱ्या एका ठिकाणी डिस्कची सेटिंग एएचसीआयवरून आयडीईवर (डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती) गेली आणि विंडोज लोड होतानाच निळी स्क्रीन. डिस्क बदलायची तयारी झाली होती! बायोसमध्ये एक ओळ बदलली, झालं. सेलला हात लावण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

'फॉर्मॅट करा'

लोगोच येत नसेल तर डिस्कपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. विंडोजचा दोष कुठून असणार? शंका असेल तर डिस्कची केबल काढा आणि चालू करून बघा. तरीही काळी स्क्रीन, तर फॉर्मॅटचा विषय संपला. एका व्यापाऱ्याची तीन वर्षांची खाती अशा फॉर्मॅटमध्ये गेली. बिघाड नंतर निघाला तो डिस्प्लेच्या केबलीत.

'बटण दाबून धरलं तर एसएमपीएस जळतो'

४ सेकंदांहून जास्त दाबून धरलं की मशीन बंद व्हावं ही सोय मुद्दाम दिलेली आहे. त्याने एसएमपीएसला काहीही होत नाही. धोका फाइलींना असतो : डिस्कवर लिहिणं चालू असताना बंद केलं तर लिहिणं अर्धवट राहतं. म्हणून अपडेटचे टक्के पुढे सरकत असतील तर हात लावू नका. दहापंधरा मिनिटं डिस्कचा दिवाही लुकलुकला नाही, तर खुशाल दाबा.

गंमत अशी की जुन्या मशीनचा सगळ्यात मोठा संशयित एसएमपीएसच असतो, आणि मेसेजमध्ये त्याचं नाव फक्त घाबरवण्यापुरतं आलंय. त्याच्या आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून सुकत जातात. सुकलेला कपॅसिटर थंड असताना जास्तच कुचकामी. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी मशीन पहिल्या दाबणीला पंखा अर्धा फिरवून थांबतं, तिसऱ्या दाबणीला उठतं, आणि एकदा उठलं की दिवसभर गुणी बाळ. लोक मग ते बंदच करत नाहीत. ज्या दिवशी लाइट जाते, त्या दिवशी ते परत उठत नाही आणि सगळे म्हणतात, काल तर चांगलं चालत होतं.

मोठ्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला टेकवून एसएमपीएस 'तपासण्याचा' प्रकार बऱ्याच जणांना माहीत असतो. त्याने तो सुरू होतो एवढंच कळतं, ओझं पेलतो की नाही ते कळत नाही. मीटर असेल तर मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसेल तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस तासभर उसना आणा. एक मात्र हात जोडून सांगतो : एसएमपीएसचा डबा उघडू नका. आपल्या २३० व्होल्टचे आत ३२५च्या आसपास डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात.

'विंडोज १० बंद, जुनी मशीनं बंद'

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. इंटरनेटवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने त्याची काळजी जरूर करावी. पण मशीन चालू होणं न होणं याच्याशी त्या तारखेचा संबंध नाही.

राहता राहिला भंगाराचा मुद्दा. प्रोसेसर सहसा वयाने मरत नाही. झिजतात ते पंखे, डिस्क, सेल, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट आणि एसएमपीएस, आणि हे सगळं बदलता येतं. बोर्डवर प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली असतील, त्यातून तपकिरी रस आला असेल, तर मी स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतो, खर्च करू नका. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब द्रवाचे कपॅसिटर जगभर विकले गेले, त्या काळातले बोर्ड असे गेलेले पुष्कळ पाहिले. जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणहून आलेले बोर्डही असेच. धुऊन, वाळवून चालू झाले तरी खाचांखालचा गाळ आणि गंज पुढे सहा महिन्यांत त्यांना घेऊन गेला. पण हे बोर्ड पाहून ठरवायचं असतं, जन्मतारीख पाहून कसं ठरणार?

तर ते काउंटरवरचं कॅबिनेट. पंखा फिरत होता, डिस्प्ले नव्हता. आत पाहिलं तर रॅम आरशासारखी घासलेली, सेल नवा, आणि साफसफाईत प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर निघालेला, परत लावायचा राहिलेला. तो लावला, लोगो आला. मूळ तक्रार काय होती विचारलं तर म्हणाला, लाइट गेली की सकाळी दोनतीनदा बटण दाबावं लागायचं. एसएमपीएस बदलला, रात्रभर बंद ठेवून सकाळी एकाच दाबणीत उठतो का ते पाहिलं, आणि त्याला फोन केला. बिल बघून तो म्हणाला, "पण मेसेजमध्ये तर एसएमपीएस बदला असं कुठेच लिहिलेलं नाही."