पाच टक्क्यांतला मी

आमचं ऑफिस ग्रीन बिल्डिंगमध्ये हललं, कारण म्हणे इथे डोकं जास्त चालतं. पुरावाही भक्कम होता. हार्वर्डच्या संशोधकांनी 24 जणांना ऑफिससारख्या जागेत कामाला बसवलं आणि त्यांच्या नकळत आतली हवा बदलत ठेवली. 2015 साली निष्कर्ष आले: हवेत रसायनं कमी आणि ताजी हवा भरपूर, अशा दिवशी निर्णयक्षमतेचे गुण दुपटीवर गेले.

हे मला पटतं. आमच्या मीटिंगरूममध्ये कार्बन डायऑक्साइडचा मीटर आहे. बाहेरच्या हवेत प्रमाण 420 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखांत 420 भागांच्या) आसपास. आत साहेबांनी ‘थोडक्यात सांगतो’ म्हटलं की आकडा चढायला लागतो. हजार ओलांडल्यावर मीटर लाल होतो. जांभई देण्याला आता शास्त्रीय आधार आहे.

दिव्यांचं तंत्र मात्र वेगळं. त्यांना सेन्सर आहेत. हालचाल दिसली नाही की खोली रिकामी समजून ते विझतात. म्हणजे मी खरोखर विचार करायला लागलो की अंधार! मग दोन्ही हात वर करून ओवाळायचे. विचारात गढलेला माणूस आणि रिकामी खुर्ची यांत फरक न करण्याची खोड पूर्वी फक्त साहेबांना होती.

पण खरा छळ एसीचा. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी 1970 च्या सुमारास तापमानाचं जे गणित मांडलं, त्यानुसार सगळं अचूक जमवलं तरी 5 टक्के लोक नाराज राहतातच. आमच्या मजल्यावरचे ते 5 टक्के नेमके माझ्या ओळीत बसवलेत. शिवाय या गणितातला नमुन्याचा माणूस म्हणजे 70 किलोचा, चाळिशीचा पुरुष. तो आमच्याकडे आहे. झोतापासून लांब बसतो आणि ‘मस्त वाटतंय की!’ म्हणतो.

शेजारच्या मॅडम शाल पांघरून, बोटं चोळत टाइप करतात. भिंतीवर तापमानाचं बटण आहे; ते कितीही दाबा, काही होत नाही. फॅसिलिटीवाल्याला विचारलं तर, “सर, सेटिंग सेंट्रल आहे. बटण तुमच्या समाधानासाठी.”

शेवटी मॅडमनी एसीच्या तोंडाला पुठ्ठा चिकटवला. तो फॅसिलिटीवाल्याने काढला. ग्रीन बिल्डिंगच्या नियमात बसत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पुन्हा जागेवर. यावेळी त्यावर स्केचपेनने ठसठशीत लिहिलं होतं: ‘100 टक्के रिसायकल केलेला.’