ताणाचे खापर वयावर फोडू नका

"वय झाले, आता त्यांना कामाचा ताण झेपत नाही," हे वाक्य आपल्या रत्नागिरी-चिपळूणकडच्या कार्यालयांत आणि कारखान्यांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. क्लार्क, ऑस्वाल्ड आणि वॉर या संशोधकांनी १९९६ साली पाच हजारांहून अधिक ब्रिटिश कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा नोकरीतले समाधान उमेदीच्या वर्षांत घटत जाते, तिशीत तळाला पोहोचते आणि पुढे निवृत्तीपर्यंत वाढत राहते असे दिसले. अर्थात, ज्यांना नोकरी असह्य झाली ते अशा पाहणीपूर्वीच बाहेर पडलेले असू शकतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

माझ्या मते वयापेक्षा महत्त्वाचे आहे ते आपल्या कामावर आपला अधिकार किती, हे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडले होते: कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा थोडी, तेथे मानसिक ताण सर्वाधिक. मिरकरवाडा बंदरातला पन्नाशीचा तांडेल जीव धोक्यात घालतो, परंतु जाळे कोठे टाकायचे आणि वारा फिरल्यावर केव्हा परतायचे हे तोच ठरवतो, आणि खलाशी त्याचे ऐकतात. त्याच वयाच्या, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या कामगाराला मात्र पुढच्या आठवड्यात कोणती पाळी आहे हेही सुपरवायझर सांगेल तेव्हा कळते. वय वाढते तशी झोप हलकी होते, दिवसाची झोप तर अधिकच तुटते, आणि रात्रपाळीचा शीण लवकर भरून येत नाही. येथे वयाचा परिणाम खरा आहे, पण त्याला त्रासाचे रूप येते ते पाळी निवडता येत नाही म्हणून.

चाळिशीतल्या माणसांबद्दल तर कोणी बोलतच नाही. मुले शिकायला मुंबई-पुण्याला, आईवडील गावच्या घरात थकलेले, घराचा हप्ता चालू, आणि वरिष्ठ व कनिष्ठ या दोघांचेही ऐकून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावरच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचे, म्हणजे कामामुळे पार थकून जाण्याचे, वर्णन करताना त्याला आजार म्हटले नाही, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणाशी जोडले. म्हणून केवळ योगशिबिरे भरवून व्यवस्थापनाचे कर्तव्य संपत नाही. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करावे, पंचेचाळिशीनंतर रात्रपाळी ऐच्छिक ठेवावी, आणि या दोन्ही सोयी कंत्राटी कामगारांनाही मिळाव्यात, असा आग्रह आपल्याकडच्या कामगार संघटनांनी आता धरावा.