शोषलेला रंग शेवटी जातो कुठे?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. रंगीत सांडपाणी लाकडाचा भुसा, फळांच्या साली अशा टाकाऊ मालाने स्वच्छ करण्याच्या पद्धतीवर तुमचे आक्षेप दोन आहेत. लाकडाचा भुसा किंवा फळांच्या साली रंग नष्ट करत नाहीत, घाण फक्त पाण्यातून भुशात जाते. आणि साली टाकलेलं पाणी स्वतःच कुजतं.

पहिलं विधान खरं आहे, पण त्यावरून पद्धत कुचकामी ठरते हे मला पटत नाही. अधिशोषणात, म्हणजे भुशाने रंग धरून ठेवण्यात, रंगाचा रेणू तुटत नाही, पृष्ठभागाला धरून राहतो. तरी हिशेब मांडून बघा. हजार लिटर पाण्यात लिटरमागे 50 मिलिग्रॅम रंग असेल, तर एकूण रंग भरतो 50 ग्रॅम. एक ग्रॅम भुसा 100 मिलिग्रॅम रंग धरतो असं मानलं, तर अर्धा किलो भुसा लागेल. हजार लिटर पाणी जाळता येत नाही. अर्धा किलो भुसा वाळवून योग्य तापमानाच्या भट्टीत जाळता येतो. घाण थोड्या जागेत गोळा होते, हाच तर फायदा. तोच भुसा उघड्यावर फेकला तर पावसात रंग पुन्हा सुटू शकतो, आणि तिथे तुमचा राग रास्तच आहे. वापरलेल्या भुशाचं पुढे काय करायचं हे न सांगता कोणी फक्त रंग काढल्याची टक्केवारी देत असेल, तर ते काम मी अर्धवट मानतो.

कुजण्याचं म्हणाल, तर कच्च्या सालीतून टॅनिन (सालीतली तुरट द्रव्यं) आणि साखर पाण्यात उतरतात. रंग कमी दिसतो, पण सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन, वाढू शकतो. म्हणून दोन्ही मोजायलाच हवेत. साल आधी नीट धुणं किंवा हवा न लागू देता तापवून तिचा कोळसा करणं, हे त्यावरचे उपाय. करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा (असंख्य बारीक छिद्रांचा कोळसा) पाण्याच्या फिल्टरमध्ये सर्रास वापरतात. मूळ तोही टाकाऊ मालच. अर्थात कोळसा करायला ऊर्जा लागते, तो खर्च धरावाच लागतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. बरेचसे प्रयोग मिथिलिन ब्लू या निळ्या रंगावर होतात. त्याचा प्रभार धन, आणि भुशातले कार्बोक्सिल गट (आम्लधर्मी अणुसमूह) उदासीन पाण्यात ऋण होतात, त्यामुळे तो पटकन चिकटतो. ऋण प्रभाराचे ॲझो रंग (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) त्याच भुशापासून दूर ढकलले जातात. त्यांच्यासाठी पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा) उतरवावा लागतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी करावं लागतं, किंवा पृष्ठभागावर प्रक्रिया करावी लागते. फिनॉल हे सांडपाण्यातलं आणखी एक प्रदूषक उदासीन पाण्यात जवळजवळ प्रभाररहित असतं, तिथे कच्च्या भुशापेक्षा सक्रिय कोळसा चांगला. शिवाय कारखान्याच्या सांडपाण्यातले क्षारही भुशावरच्या जागा अडवतात.

तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं कोणतं प्रदूषक आहे आणि पाण्याचा पीएच किती आहे, ते कळवाल का? मग कोणता माल चालेल हे नेमकेपणाने बोलता येईल.