सुईची भीती आणि ‘अंग सैल सोडा’ हा सल्ला

इंजेक्शनच्या भीतीवर उपाय सांगणारा एक संदेश वरचेवर फिरत असतो. ही भीती म्हणजे मनाचा दुबळेपणा आहे, सुई टोचताना अंग सैल सोडावे आणि मूल घाबरत असेल तर धरून टोचून घ्यावे, एकदा टोचले की भीती मोडते, असे त्यात म्हटलेले असते. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही.

दुबळेपणाचा आरोप तर अन्यायकारकच आहे. कुत्र्याला किंवा उंचीला घाबरणाऱ्याची छाती धडधडते, पण तो सहसा बेशुद्ध पडत नाही. सुई किंवा रक्त पाहून घाबरणाऱ्या अनेकांचा रक्तदाब मात्र आधी थोडा चढतो आणि मग एकाएकी उतरतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यावर निर्धाराचा हुकूम चालत नाही. शिवाय ती पुष्कळदा एकाच घरातल्या अनेकांत आढळते.

म्हणूनच अंग सैल सोडण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. ज्याला भोवळ येते त्याने अंग सैल सोडले, तर उतरणारा रक्तदाब आणखी उतरायला वाव मिळतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1987 मध्ये नेमका उलटा उपाय मांडला : दंड, पोट आणि पाय यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळायचे, मग 20 ते 30 सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचे (पूर्ण सैल पडायचे नाही) आणि असे पाच वेळा करायचे. सुई ज्या हातात टोचायची तो हात तेवढा सैल ठेवावा. हा सराव आधी काही दिवस घरी व्हायला हवा. ज्यांना केवळ धास्ती वाटते, भोवळ कधीच येत नाही, त्यांना संथ श्वासाचा उपयोग होऊ शकतो. संदेश हा भेदच करत नाही.

बळजबरीने भीती मोडत नाही, उलट पुढच्या खेपेला मूल दवाखान्याच्या दारातच रडू लागते. भीती उतरते ती पायरीपायरीने : आधी सुईचे चित्र, मग बंद सिरिंज हातात घेणे, मग दुसऱ्याला टोचताना पाहणे, आणि प्रत्येक पायरीवर धास्ती ओसरेपर्यंत थांबणे. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा घराघरांतला धाकही थांबायला हवा. ‘अजिबात दुखणार नाही’ असे खोटे सांगण्याऐवजी ‘क्षणभर दुखेल, मी जवळ आहे’ असे सांगावे आणि मुलाला मांडीवर बसवून टोचून घ्यावे. पूर्वी कधी भोवळ आली असेल, तर परिचारिकेला ते आधीच सांगून आडवे पडूनच टोचून घ्यावे.