फोटोत दोन डबे

आत्ताच घरी पोचलो. लेक झोपली, आई झोपली, आणि मी फोन घेऊन बसलेय, कारण हे लिहून टाकल्याशिवाय मला झोप लागायची नाही. पोस्ट लांबणार आहे. घाईत असाल तर लाइक ठोकून पुढे जा, राग नाही.

रोलरकोस्टरवरून उतरलं की बाहेर पडायच्या वाटेवर एक काउंटर असतो. तिथल्या स्क्रीनवर आपले फोटो लागलेले असतात. पहिल्या मोठ्या उतारावर कॅमेरा दडवलेला असतो आणि नेमका आपला जीव घशाशी आला की तो फोटो काढतो. माझ्यासाठी निम्मी राइड म्हणजे तो फोटो. लेकीचे असे चार फोटो आमच्या फ्रिजवर आहेत. पहिल्यात डोळे गच्च मिटून माझ्या दंडाला चिकटलेली. दुसऱ्यात एकच डोळा उघडा. तिसऱ्यात रडतेय की हसतेय ते तिचं तिलाही सांगता येत नाही. चौथ्यात दोन्ही हात वर, आणि घाबरलेली मी. पोरगी मोठी होताना अशी कुठे दिसते सांगा? शाळेच्या फोटोत? तिथे तर सगळी मुलं सारखीच दिसतात.

आज पाचवा मिळायचा होता. स्क्रीनवर आमची सीट शोधली, तर दोन काळे डबे. डब्यांच्या खाली दोन उघडी तोंडं. बाईसाहेबांच्या हट्टापायी दोघींनी एकसारखे टी-शर्ट घातलेले, बाराव्या वर्षीच ती उंचीला माझ्या बरोबरीला आलेली, त्यामुळे यातली मी कोण आणि ती कोण हे खरंच कळेना. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "हाच ना तुमचा?" मी म्हटलं, "असेल."

तर हा राग त्या डब्यांचा आहे.

पार्कचं नाव लिहीत नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका. त्यांनी केलं काय, तर एका चांगल्या, जुन्या, खडखडणाऱ्या रोलरकोस्टरवर व्हीआर हेडसेट चढवले, म्हणजे डोळे पूर्ण झाकून आत खोटं जग दाखवणाऱ्या पेट्या. रूळ तेच, गाडी तीच, उतार तोच. फक्त आता डोळ्यांवर पेटी बांधायची आणि आपण अंतराळात आहोत असं समजायचं. माझ्यासारख्या राइडवेड्या बाईला यात नवीन काही नाही, ही टूम दहा वर्षांची जुनी आहे. जर्मनीतल्या युरोपा-पार्कने २०१५ मध्ये आपल्या आल्पेनएक्सप्रेसवर हे केलं, आणि मग सगळ्यांनाच घाई झाली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्जने आपल्या कितीतरी पार्कांत सॅमसंगचे हेडसेट आणले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ऑल्टन टॉवर्सने २००२ सालच्या 'एअर'ला हेडसेट लावून त्याचं 'गॅलॅक्टिका' केलं. पुढे काय झालं? काही वर्षांत हेडसेट गेले, कोस्टर राहिला. थॉर्प पार्कच्या भुताच्या गाडीचंही तेच. २०१६ मध्ये मोठा गाजावाजा करून व्हीआर आणला, २०२३ मध्ये तीच राइड व्हीआर काढून पुन्हा सुरू केली.

एवढं सगळं बघूनही आमच्या इथल्या शहाण्यांना आत्ता जाग आली.

आणि रांग! रांगेबद्दल बोलायलाच हवं. ट्रेन स्टेशनात येते, लोक उतरतात, लोक चढतात, बार खाली, चला. कोस्टर असाच चालतो, त्याची सगळी गंमत आणि सगळं गणित त्या लयीत असतं. आज ट्रेन यायची आणि नुसती उभी राहायची. एक बिचारा पोरगा फडकं घेऊन प्रत्येक हेडसेट पुसतोय, दुसरी मुलगी प्रत्येकाच्या डोक्यामागचा पट्टा आवळतेय, कुणाचा चष्मा आत मावत नाही, कुणाला काळोखच दिसतोय, कुणाचे केस अडकलेत. मागची ट्रेन भरलेली, हवेत थांबलेली. कर्मचाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही, त्यांच्या कपाळावरचा घाम मी पाहिलाय. ज्या माणसाने थंडगार खोलीत बसून हे ठरवलं, त्याला एक दिवस ते फडकं हातात द्या, इतकंच. युरोपा-पार्कने पुढे युरोसॅट या दुसऱ्या कोस्टरवर निदान एवढी अक्कल दाखवली की हेडसेटवाल्यांची चढायची जागाच वेगळी केली, म्हणजे ज्याला नको त्याची रांग अडत नाही.

राइडच्या दारात उंची मोजायची पट्टी असते ना? डोकं मोजायची कुठेच नसते. लेकीला हेडसेट सैल झाला. पट्टा पार शेवटपर्यंत ओढला तरी पहिल्या वळणावर तो खाली घसरला, आणि मग सबंध राइडभर ती एका हाताने पेटी धरून बसली. हात वर करणारी माझी पोरगी! माझ्या पेटीचं दुसरंच काहीतरी. अशा राइडवर ट्रेन रुळावर नेमकी कुठे आहे हे हेडसेटला सतत कळत राहावं लागतं. डोकं वळल्यापासून डोळ्यासमोरचं चित्र वळेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर शरीराची फसगत व्हायला लागते. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं डावीकडे, डोळे म्हणतात सरळ. आज माझं यान आधी उजवीकडे सरकलं, मग वळण आलं तेही भलत्याच बाजूला. ज्यांना गाडी लागते त्यांना कळेल. मला आयुष्यात कधी गाडी लागली नाही, आज व्हीआर लागला.

पण खरं सांगू? मळमळ विसरून जाईन मी. उतारावर मी सवयीने लेकीकडे बघायला मान वळवली, तर तिथे एक लघुग्रह होता. हे विसरणार नाही.

दादा आता खाली कमेंटमध्ये येऊन लिहिणार की तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे, थोडा धीर धर. दादा, बाल्यावस्था किती दिवसांची? मॉर्टन हायलिग नावाच्या माणसाने 'सेन्सोरामा' या यंत्राचं पेटंट घेतलं १९६२ साली, आणि त्यात चित्र, आवाज, वारा, वाससुद्धा होता. डिस्नेने फ्लोरिडात १९९८ साली 'डिस्नेक्वेस्ट' नावाची अख्खी इमारतच उभारली होती, डोक्यावर हेडसेट घालून जादूच्या गालिच्यावरून उडायचं वगैरे. २०१७ मध्ये ती बंद झाली. आणि पेटी तरी कशाला लागते? १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात जॉर्ज हेल नावाच्या माणसाने खोटा रेल्वेचा डबा केला होता. समोर पडद्यावर धावत्या गाडीतून काढलेली फिल्म, खाली डबा हलवायचा, चाकांचा खडखडाट करायचा. लोक तिकीट काढून कुठेही न जाणाऱ्या गाडीत बसायचे. पण त्या डब्यात शेजारचा माणूस दिसायचा हो!

(पाणी प्यायला उठले होते. आता जरा शांत झालेय.)

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नव्हतं, पण नाही लिहिलं तर लबाडी होईल.

आईही आज आमच्यासोबत होती. एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, बीपीची गोळी सुरू. प्रत्येक मोठ्या राइडच्या बाहेर तो बोर्ड असतो, हृदयविकार, पाठदुखी, अमुक तमुक असल्यास बसू नये. तो बोर्ड म्हणजे आमच्या आईचं चरित्रच. मी लहान होते तेव्हापासून आई म्हणजे बाकावर बसून पिशव्या सांभाळणारं माणूस. तेव्हा आमच्या, आता नातीच्या. प्रत्येक कुटुंबात असं एक माणूस असतं आणि त्याला कुणी विचारतही नाही. आज त्याच पार्कात एका हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या होत्या. खुर्ची जागची हलत नाही, हेडसेट घालायचा आणि पक्ष्यासारखं डोंगरांवरून उडायचं. लेकीने आजीला जवळजवळ ओढतच नेलं. पाच मिनिटांचा खेळ. पेटी काढली तेव्हा आईचे केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि नंतर अर्धा तास ती बोलतच होती. नदी कशी खाली दिसली, ढगात शिरताना तिने कसा श्वास धरला. परत बाकाजवळ आलो तर पिशव्या मी धरल्या होत्या, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

बरं, मान्य. व्हीआर वाईट नाही. जिथे खरी राइड देताच येत नाही तिथे द्या ना, माझी कसलीच हरकत नाही. खुर्ची जागची हलत नसेल तर माझा संताप होत नाही, फक्त चित्र सावकाश फिरवा, म्हाताऱ्या माणसांना गरगरतं. पण जिथे खरे रूळ आहेत, खरा वारा आहे, खरी उंची आहे, तिथे डोळे बांधून खोटी उंची दाखवायची? समुद्रावर नेऊन टीव्हीवर समुद्र दाखवण्यातला प्रकार झाला हा.

आणि हो, आईने अर्ध्या तासाच्या त्या कौतुकात मधेच मला विचारलं, "तू पण तिथेच होतीस का गं? मला दिसली नाहीस." मी शेजारच्या खुर्चीत होते. माझ्याही डोळ्यांवर तेच डोंगर होते. "होते," म्हटलं. ती म्हणाली, "हाक मारायचीस."

आता परत राग आला बघा.

एकत्र जायला म्हणून आपण पार्कात जातो. एकट्याने अंतराळात जायचं असेल तर घरी सोफ्यावर बसून जाता येतं, हेडसेट आता विकतही मिळतात. मग पार्काने काय द्यायचं? जे सोफ्यावर होत नाही ते. द व्हॉइड नावाची एक कंपनी होती, तिने हे बऱ्यापैकी ओळखलं होतं असं मला वाटतं. तिथे हेडसेट असायचा, पण तुम्ही खरोखर चालायचात, खऱ्या भिंतीला हात लावायचात, आणि बरोबरचे लोक तुम्हाला त्या खोट्या जगातही दिसायचे, वेगळ्या वेशात. २०२० मध्ये महामारीत ती केंद्रं बंद पडली, वाईट वाटलं.

एआरची, म्हणजे खरं जग दिसू देऊन त्यावरच खोटी चित्रं चढवण्याची, गोष्ट मला जास्त पटते, आणि का पटते ते माझ्या लेकीने सांगितलं. गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, कसं होतं, अंतराळ आवडलं का? ती म्हणाली, "अंतराळ ठीक होतं. पण आई, हेडसेट सैल होता ना, तर नाकाखालच्या फटीतून खरा रूळ दिसत होता. तो कसला भारी होता!"

नाकाखालची फट! पोरीने सगळ्या राइडची मजा फटीतून घेतली.

एआर म्हणजे ती फट मोठी करणं, असं मी तरी समजते. जपानमधल्या ओसाकाच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये २०२१ पासून मारिओ कार्ट या व्हिडिओ गेमवरची राइड आहे. डोक्याला एक पट्टा, त्याला चुंबकाने चिकटणारी पारदर्शक काच. आजूबाजूचे सेट खरे, गाडी खरी, शेजारी बसलेले लोक खरे, आणि काचेवर मधेच शत्रू उगवतात, त्यांच्यावर कासवाची कवचं फेकायची. पट्टा तुम्ही रांगेतच घालता, काच गाडीत बसल्यावर लागते, म्हणजे ट्रेन अडवून फडकं मारायचा प्रकार नाही. तिच्यावरही लोक टीका करतात, गाडी संथ आहे म्हणतात, काचेतली चित्रं फिकट वाटतात म्हणतात. असतील. पण शेजारचा माणूस जिंकला की त्याचा चेहरा दिसतो!

आणि काचच हवी तर डोक्यावर तरी कशाला? १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपरने रंगमंचावर भूत आणलं ते एका तिरक्या काचेने. समोर काच, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उजेडात उभा केलेला नट, आणि त्याचं प्रतिबिंब मंचावरच्या खऱ्या नटांमध्ये फिरतंय. डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये १९६९ पासून याच युक्तीने नाचघरातली भुतं नाचताहेत. अजून नाचताहेत. पुसायला फडकं लागत नाही, चार्जिंग लागत नाही, पट्टा सैल होत नाही, आणि भूत दिसल्यावर आपण एकमेकांकडे बघून किंचाळू शकतो. मी म्हणते, करा ना खर्च, पण तो भिंतींवर करा, काचांवर करा, प्रोजेक्टरवर करा. माझ्या तोंडावर करू नका.

हो, तरुण पोरांना हेडसेट आवडतो. आमच्या पुढच्या सीटवरचे दोघे उतरल्या उतरल्या परत रांगेत पळाले. त्यांना आवडलं, त्यांनी बसावं. मग दोन रांगा करा आणि मला विचारा तरी, "डबा हवा की नको?" आज कुणी विचारलं नाही.

फोटो मी घेणार नव्हते. लेक म्हणाली घ्यायचाच, चारही आहेत तर पाचवा पाहिजेच. घेतला. आत्ता पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं, झोपायच्या आधी तिने तो फ्रिजवर लावून ठेवलाय आणि त्यावर पेनाने दोन बाण काढलेत. एकावर लिहिलंय 'मी', दुसऱ्यावर 'आई'.

मला वाटतं बाण उलटे लागलेत. ज्या डब्याला तिने 'आई' केलंय, त्याने एका हाताने पेटी धरलीय.