नोकरी सोडताय? आधी डोकं भादरून घ्या

नोकरी सोडायची, हे तुमचं ठरलंय. सोडून काय करायचं, हे मात्र ठरत नाहीये. अशा वेळी रात्र-रात्र जागून एक्सेलमध्ये आकडेमोड करू नका. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जा आणि चमनगोटा करून या. दोन निर्णयांपैकी एक तरी वीस मिनिटांत निकालात निघतो, आणि आयुष्यात आपण काहीतरी ठाम केलं असं वाटून त्या रात्री झोप छान लागते. मला लागली होती. चौदा वर्षं हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून झाल्यावर मी लाकडी घाणा टाकायचं ठरवलं. घाणा कुठून आणायचा, जागा कुठली, शेंगदाणा कोणाकडून उचलायचा, यातलं काहीच माहीत नव्हतं. डोकं मात्र हाताशी होतं.

मुहूर्ताचं जरा अवघड आहे. सोमवारी सलून बंद. शनिवारी आई केस कापू देत नाही, अमावास्येला आजीने कापू दिले नसते, आणि जन्मवार आला की दोघींचं एकमत. उरले त्यात रविवारी रांग असते. शिवाय नोटीस पिरियडचा हिशेब वेगळा. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. राजीनामा दिल्या दिवशी वस्तरा फिरवलात, तर ९० दिवसांनी शेवटच्या दिवशी डोक्यावर तीन-साडेतीन सेंटीमीटरचं पीक उभं असणार. म्हणजे निरोपाच्या केकसोबतच्या फोटोत तुम्ही रुजू झालेल्या दिवसासारखेच दिसणार, फक्त थकलेले. शहाणा माणूस ९० दिवस थांबेल. पण तुम्ही थांबू नका. ९० दिवसांत माणूस विचार करायला लागतो.

खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न येईल, "झिरो मारू का वस्तरा?" वस्तराच सांगा, मशीनने त्याग वाटत नाही. मग वस्तऱ्यात नवं पातं घालता घालता तो आवाज खाली आणून विचारेल, "घरात काही... झालंय का?" नाही म्हणा. "मग तिरुपती?" तेही नाही म्हणा. "मग?" करिअर बदलतोय, असं मी सांगितलं. आरशात त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे मिशी ठेवायची ना?" मिशी ठेवली. दहाव्याचं मुंडण आणि करिअरचं मुंडण यांत नाभिकाच्या लेखी एवढाच फरक आहे. वस्तऱ्याने नकार दिल्याची नोंदही आपल्याकडे आहे म्हणा. विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवून १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी संप केला होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच्या मागे उभे होते. तिथे नकाराला कारण होतं. माझ्या वेळी कारण नव्हतं, तरी दिला असता तर उपकार झाले असते.

तुरटी फिरवून झाली की घरी जा. बेल वाजवण्याआधी टोपी काढा, नाहीतर मजा नाही. आमच्याकडे दार बाबांनी उघडलं. डोक्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांचा विश्वास बसेना, आत जाऊन त्यांनी साताऱ्याच्या काकांना फोन लावला आणि "तू बरा आहेस ना?" एवढंच विचारून ठेवून दिला. आई बाहेर आली, म्हणाली, "अरे, आम्ही दोघं धडधाकट असताना डोकं भादरून आलास?" यानंतर पाऊण तास आमच्या घरी जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही. पण या पाऊण तासातच मुंडणाचा सगळ्यात मोठा फायदा दडलेला आहे, तो नीट समजून घ्या. नोकरी सोडल्याचं कसं सांगायचं, याची तालीम मी तीन आठवडे बाथरूममध्ये करत होतो. ते मी त्या गडबडीत, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगून टाकलं. "ते जाऊ दे, आधी डोक्यावर काहीतरी घाल," आई म्हणाली. विषय संपला.

सोसायटीत मात्र अर्थ लावणाऱ्यांची सोय बघावी लागते. आपल्याकडे गुळगुळीत डोक्याचे अर्थ ठरलेले आहेत: कोणीतरी गेलं, नवस फेडला, नाहीतर उवा झाल्या. "मला स्वतःला नव्याने शोधायचंय" हा अर्थ त्या यादीत नाही. लोक लिफ्टमध्ये हात हातात घेतात, "फार वाईट झालं," म्हणतात, "वय काय होतं?" विचारतात. कोणी गेलेलं नाही म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो. मग नोकरी सोडल्याचं सांगा. "अरेरे!" हे दुसरं अरेरे पोटातून आलेलं असतं.

ऑफिसात मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि हळूच विचारलं, "ट्रीटमेंट सुरू आहे का?" दोन वर्षं अर्ज करून न मिळालेलं घरून काम त्याने उभ्या उभ्या मंजूर केलं. गैरसमज मी दोन दिवसांनी दूर केला. ते दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. हा सल्ला नव्हे, कबुली आहे.

आता कोणी नावं ठेवलीच, तर पुरावा तयार ठेवा. अमेरिकेतल्या व्हॉर्टन स्कूलचे अल्बर्ट मॅनेस यांनी २०१२ साली दाखवून दिलंय की, त्याच माणसाच्या फोटोतले केस पुसून टाकले तर तो लोकांना सुमारे एक इंच उंच आणि १३ टक्के जास्त ताकदवान वाटतो. (कमी देखणाही वाटतो, पण ते सांगायची गरज नाही.) आमच्या वॉचमनने हा अभ्यास वाचलेला नसावा. त्याने मला गेटवर थांबवून रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं. मावशीने धीर दिला, "आता दाट येतील बघ." तसंही होत नाही, वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, हे अमेरिकेतल्या शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच मोजमाप करून सांगितलंय. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं, इतकंच. मावशीला सांगायला गेलो तर म्हणाली, "१९२८ साली तू होतास का?"

शरीराचंही थोडं. तोंड धुताना कुठे थांबायचं, ते कळत नाही. तिसऱ्या दिवशी खुंट आले की उशीचा अभ्रा डोक्याला धरून ठेवतो, आणि टीशर्ट गळ्यातून काढताना दाराच्या पायपुसण्यावर घासल्यासारखं वाटतं. शाम्पूची बचत होते. घाण्याच्या भांडवलात माझ्याकडून तेवढीच भर पडली.

आणि घाणा. तो आला एकदाचा. अडीच किलो शेंगदाण्याला साधारण लिटरभर तेल निघतं, उरते ती पेंड. हे गणित मला डोकं भादरल्यानंतर कळलं. सावकाश फिरणाऱ्या लाकडापुढे उभं राहिलं की चौदा वर्षांचा शीण उतरतो, हे मात्र अगदी खरं, त्यात उपरोध नाही. खाण्याच्या वस्तूंचा धंदा, म्हणून डोक्याला टोपी सक्तीची. म्हणजे जे डोकं जगाला दाखवण्यासाठी एवढा तमाशा केला, ते दिवसभर पांढऱ्या जाळीखाली. टोपी निघते ती फक्त विक्रीच्या टेबलावर, आणि तिथे मी मांडलं होतं खोबरेल तेल. एका आजींनी बाटली उचलली, वास घेतला. बाटलीकडे पाहिलं. माझ्या डोक्याकडे पाहिलं. परत बाटलीकडे. "तुम्ही स्वतः वापरता का हो?"

तुम्ही खोबरेलाचा धंदा करणार असाल तर एवढंच सांगतो: जाहिरातीतला 'आधी' तुम्ही स्वतः आहात, आणि 'नंतर' यायला सहा महिने लागतात. तोवर करडईचं विका.

केस येतातच. चार-पाच महिन्यांनी भांग पडायला लागतो. घाण्याचे पैसे सुटायला अजून अवकाश असतो, पण भांग पडतो. मग एक दिवस लिफ्टमध्ये, "फार वाईट झालं" म्हणालेले सोसायटीतले काका भेटतात, डोक्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलतो, आणि ते पाठीवर थाप मारतात.

"वा! लागलास ना परत नोकरीला?"

हो म्हणा. आणि पेंड घेणारं कोणी त्यांच्या ओळखीत आहे का, तेवढं विचारून ठेवा.